पोराला दिसावं म्हणून

कमळूच्या घरात पोर झालं तेव्हा गुणाबाई सुईणीने त्याला उलटसुलट करून पाहिलं, कापसात गुंडाळलं आणि दारात उभ्या असलेल्या कमळूला सांगितलं, "पोर आलंय. पन अजून यायचं हाय."

कमळूला वाटलं, जुळं आहे. त्याने विचारलं, "दुसरं कवा?"

"दुसरं कशाला? ह्येच. सातव्यात निघालंय ते. दोन महिन्यांची वाट बाकी हाय त्याची. तवर पोर जल्मलं असं कोनी बोलायचं नाय, बारसं नाय, नाव नाय. आलं म्हटलं आनि मागं फिरलं तर मी जबाबदार नाय."

बेलखोर म्हणजे किन्हवलीहून आत डोंगराच्या कुशीत बसलेली थोडी घरं. तिथे गुणाबाईचा शब्द कोणी मोडत नसे. गावातलं लहानमोठं प्रत्येक माणूस, कुंडलिक पाटीलसुद्धा, तिच्याच हातावर जगात आलेलं होतं, आणि ज्या बाईने आपल्याला पायाला धरून उलटं टांगलेलं आहे तिच्याशी वाद घालणं जड जातं. तेव्हा ठरलं ते ठरलं. पोर जन्मलेलं नाही. वाटेत आहे.

दारावरून जाणाऱ्या बायका कमळूच्या आईला, सकुबाईला विचारायच्या, "सून झाली का मोकळी?" आतून मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडणं येत असायचं. सकुबाई भात पाखडता पाखडता सांगायची, "नाय गो. अजून वाटंत हाय." बायका मान डोलवायच्या आणि पुढे जायच्या. कमळूच्या बायकोची, हौसाची मात्र पंचाईत झाली. तिला बाळंतिणीचं खाणं द्यायचं की पोटुशीचं, हे कोणालाच कळेना. शेवटी गुणाबाईने दोन्ही द्यायला सांगितलं, आणि हौसा मुकाट्याने दोन्ही खाऊ लागली.

पोर कमळूच्या पंजात मावेल एवढं होतं. भाताचा कोंडा तव्यावर गरम करून त्याच्या पुरचुंड्या हाऱ्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत मांडायच्या, वर जुन्या लुगड्याची घडी, त्यावर पोर. बाकीचा वेळ हौसा त्याला छातीशी उघडं धरून वरून घोंगडी घ्यायची. त्याला ओढून पिता येत नव्हतं, म्हणून दूध वाटीत काढून कापसाच्या वातीने थेंब थेंब तोंडात सोडायचं. कमळूने कसाऱ्याच्या घाटात दोन वर्षं रेल्वेचे रूळ उचलले होते. पण ह्या पोराला हात लावायची त्याची छाती होईना. तो लांब बसून वाती वळायचा.

कुंडलिक पाटलाचं दुखणं वेगळं होतं. मुलगा झाला तर बोकड कापीन, असं कमळू पावसाळ्यातच चारचौघांत बोलून बसला होता. पाटील दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"पोरगा हाय ना?"

"हाय."

"मंग?"

"अजून आला नाय."

पाटलाने वाकून आत बघितलं. हौसाच्या घोंगडीतून एक काळंसावळं डोकं बाहेर आलं होतं, लिंबापेक्षा थोडं मोठं एवढंच. "ह्यो कोन मंग?"

"त्योच. पन वाटंत हाय."

पाटील उंबऱ्यावर बराच वेळ बसला. त्याने एकदा पोराकडे बघितलं, एकदा अंगणात बांधलेल्या बोकडाकडे, आणि उठून गेला.

मार्गशीर्ष लागला तसे पोराचे डोळे उघडे राहू लागले, आणि खरी काळजी तिथून सुरू झाली. ते डोळे कुठेच ठरत नव्हते. हरवलेलं वासरू शोधत गुराखी रानोमाळ हिंडावा तसे ते हिंडायचे. एक इकडे, तर दुसरा थोडा मागे राहून त्याच्यामागे. हौसाने तोंडासमोर बोटं नाचवली. सकुबाईने दिव्याची वात फिरवली, तर पोराने डोळे घट्ट मिटून घेतले आणि गुणाबाईने सकुबाईला झापलं. "कच्चे हायत ते. उजेडाला लावू नको. अजून अंधारात ऱ्हायचे दिवस हायत त्याचे." मग दाराला गोणपाट लागलं.

एक दिवस कमळूही पुढे झाला. गुडघ्यावर बसून त्याने तोंड पोरासमोर नेलं. पोर त्याच्या कानाच्या मागे बघत होतं. कमळू डावीकडे सरकला. डोळे उजवीकडे गेले. तो उजवीकडे आला. डोळे वर आढ्याकडे गेले. कमळू उठला आणि गोठ्यात जाऊन बसला.

त्याला हे नवीन नव्हतं. त्याचा बाप नवसू, दीड वर्षामागे गेला, तोही मरेपर्यंत कमळूच्या कानामागेच बघत होता. कमळू शेत टाकून कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गेला, हे नवसूच्या मनाला लागलं होतं. पोरगा परत आला, नांगर धरला, पण म्हातारा त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. काही सांगायचंच झालं तर तो घराच्या मधल्या खांबाला, मेढीला सांगायचा. "मेढीबाय, उद्या वरच्या खाचरात पानी सोडायचं हाय." कमळू मेढीच्या बाजूला उभा राहून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचा. मरतानाही म्हाताऱ्याने मेढीचाच निरोप घेतला. आता पोरही तसंच निघालं, असं कमळूच्या मनात आलं. रक्तातच आहे.

थंडी वाढली म्हणून बोकड रात्रीचा घरात घेऊन मेढीला बांधू लागले. काळाकुळकुळीत बोकड, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा आणि गळ्याला पांढरी कड, जसा काही कोणी चुन्याचा हात फिरवला आहे. एका सकाळी हौसा पोराला घेऊन मेढीशी टेकून बसली होती. गोणपाटाच्या कडेने बेताचा उजेड येत होता. बोकडाने मान लांबवली आणि पोराच्या कुशीतला कापूस चघळायला सुरुवात केली.

पोराचे डोळे थांबले.

बोकडाने तोंड हळूच डावीकडे नेलं. डोळे अडखळत डावीकडे गेले. बोकडाने कापूस गिळला आणि तोंड परत आणलं. डोळे परत आले. पोराचं हात हलवणंही थांबलं होतं. एवढं टक लावून ह्या घरात कोणी कोणाकडे कधी बघितलं नव्हतं.

चुलीपाशी बसलेल्या सकुबाईने हे पाहिलं. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि अंग चोरून भिंतीकडे सरकली. नवसू घरात शिरला की ती अशीच सरकायची.

"ह्ये आलंत," ती हळूच म्हणाली.

"कोन?" कमळूने विचारलं.

"ह्येच की. पोर वाटंनं येत व्हतं, आनि ह्ये त्याच वाटंनं गेलं. दोघांची गाठ पडल्याबिगर ऱ्हाईल का? आपुन कोन त्याच्या वळखीचं? कोनी नाय. त्यानं बघितलेलं मानूस येकच."

कमळूने विचार केला. ह्यात चूक काढायला जागा सापडेना. त्याने बोकडाकडे बघितलं. बोकडाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मेढीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्याने कमळूची खात्री पटली.

त्या दिवसापासून बोकडाला अहो-जाहो सुरू झालं. नवसूचं पाटवजा बसायचं फळकूट माळ्यावरून खाली आलं. सकुबाई त्याच्यासमोर तंबाखूची चिमूट ठेवायची आणि बोकड ती खायचा, हाही एक पुरावा धरला गेला. तो कमळूला मधूनमधून ढुशी मारायचा. आधीही मारायचा, पण आधी कमळू त्याला लाथ घालत असे, आता हात जोडून बाजूला व्हायचा.

कुंडलिक पाटील चार माणसं घेऊन आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "कमळू, नवसूच्या दिवसांचं जेवन आमी जेवलो. त्यात काय वावगं नव्हतं. पन आता खुद्द नवसूलाच खायचं म्हंजे..." बोकड फळकुटावर बसून रवंथ करत होता. पाटलाने पायातल्या वहाणा बाहेर काढून त्याला रामराम घातला. नवसू वयाने त्याच्याहून वडील होता.

पुढे हौसाच एक दिवस बोलली. ती फारसं बोलणारी बाई नव्हती, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "माज्या तोंडाकडं बघत नाय ते. मी दूद पाजते, छातीशी धरते, आनि ते बोकडाकडं बघतं. आज्याकडं बघू दे, माजं कायपन म्हननं नाय. पन त्याला मानसं दिसतात का नाय, ह्ये शहापूरच्या डाक्टरला इचारून या, नायतर मी इचारायला जाते."

तेव्हा बैलगाडी जुंपली. गाडीत हौसा, पोर, सकुबाई, कोंड्याच्या गरम पुरचुंड्यांची टोपली आणि बोकड. बोकडाशिवाय पोर गप्प राहीना, आणि घरच्या कर्त्या माणसाला सोडून पोराला दवाखान्यात न्यावं हे सकुबाईलाही पटेना. बोकड गाडीत पुढे तोंड करून उभा होता. किन्हवलीत लोकांनी थांबून बघितलं. शहापूर येईपर्यंत कमळूने बैलांशिवाय कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही.

शहापूरचा डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, गोरापान, आणि त्याच्या डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा गोल चष्मा होता. त्याने आधी बोकडाला बाहेर काढायला सांगितलं. मग पोराला मांडीवर घेतलं, उन्हाकडे पाठ केली आणि खाली वाकला.

पोराचे डोळे थांबले.

डॉक्टरने मान एका बाजूला नेली. डोळे मागोमाग गेले. "छान," डॉक्टर म्हणाला. "छान बघतोय की."

मागून बांगड्या वाजल्या. सकुबाईने पदर कपाळापर्यंत ओढला होता आणि ती अंग चोरून भिंतीकडे सरकत होती.

"आजींना काय होतंय?" डॉक्टरने विचारलं.

"त्या तुमचा मान ठेवतात," कमळू म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता.

डॉक्टरला ह्याची सवय नव्हती, पण त्याला बरं वाटलं असावं. त्याने समजावून सांगितलं. पोराचे डोळे चांगले आहेत. जे पोटात तयार व्हायचं ते बाहेर तयार होतंय, म्हणून वेळ लागेल. वय मोजायचं असेल तर जन्मला तिथून मोजू नका, जन्मायला हवा होता तिथून मोजा. सध्या त्याला वीतभर लांबचंच दिसतं, आणि तेही पुसट. काळ्याला लागून पांढरं असलं की ती कड तेवढी त्याच्या डोळ्यांना धरता येते. माणसाचं तोंड सगळं एकाच रंगाचं, ते त्याला सापडत नाही. जवळ जा, हळू हला, दिवा डोळ्यांत मारू नका. बाकी दिवस भरले की आपोआप ओळखेल.

हौसाने एकेक शब्द ऐकला. कमळूने काही ऐकलं नाही. तो डॉक्टरच्या पायांकडे बघत होता. दीड वर्ष मनात ठेवलेलं त्याच्या ओठांवर आलं.

"तुमचा माज्यावरचा राग गेला का?"

बाहेर ओटीवर लोक खोकत बसले होते. डॉक्टरने चष्मा सारखा केला. "मी कशाला रागावू तुमच्यावर?"

"कसाऱ्याला गेलो म्हनून."

"गेलात तर गेलात. मेहनतीचं काम आहे. त्यात रागवायचं काय?"

कमळू खाली बसला आणि रडला. डॉक्टरने त्याला पाणी दिलं आणि पोराच्या नावाने थोडं मधाचं औषध बांधून दिलं, बहुतेक बापालाच द्यायचं होतं. बाहेर पडताना सकुबाई हौसाला म्हणाली, "शिकून सवरून कसं ग्वाड बोलाया लागलंत."

गाडी घरी आली, कमळूने बोकडाला उतरवायला हात पुढे केला, आणि बोकडाने त्याला अशी ढुशी हाणली की तो चाकावर आपटला. कमळू कंबर चोळत उभा राहिला. आता त्याला उलगडा झाला. बा दोन ठिकाणी वाटला गेला होता. शहापूरच्या अर्ध्याने माफ केलं होतं. घरचा अर्धा अजून तसाच होता. त्याने हे सकुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "ह्ये असंच करायचं. बाहेरच्या लोकांत ग्वाड, घरात आलं की कपाळाला आठी."

पण हौसाच्या डोक्यात डॉक्टरचं बोलणं पक्कं बसलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी कपाळावरचं कुंकू पुसून तिथे काजळाचा मोठा ठिपका लावला, भोवती तांदळाच्या पिठाचं कडं काढलं, आणि पोराला वीतभर अंतरावर धरलं. पोराने तिच्याकडे बघितलं. हौसाने पापणीसुद्धा हलवली नाही. नंतर तिने कमळूला हाक मारली. "आवो, इकडं या. तुमाला बी बघंल. फकस्त तोंड रंगवा."

कमळूने चुन्याची डबी घेतली आणि तव्यामागची काजळी खरवडली. अर्धं तोंड पांढरं, अर्धं काळं, मधोमध नाकावरून सरळ रेघ. विहिरीत डोकावून त्याने रेघ बघितली, वाकडी वाटली म्हणून पुन्हा काढली. मग तो हौसासमोर गुडघ्यावर बसला आणि तोंड वीतभरावर आणलं.

पोराचे डोळे हिंडत आले, रेघेला अडले, आणि थांबले.

कमळू हलला नाही. त्याचे गुडघे भरून आले, माशी कानात शिरली, तरी हलला नाही. रेघेच्या खालून वर, वरून खाली ते डोळे सावकाश फिरत होते, आणि कमळूला पहिल्यांदाच असं वाटलं की आपण ह्या घरात बसलेलो आहोत.

त्याने तोंड धुतलं नाही. तसाच शेतावर गेला. लोक म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं. मग भागी शेजारीण पोर बघायला आली, पोराने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही, आणि कमळू आत आला तसं टक लावून बसलं. हे तिच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या प्रहरी ती हनुवटीवर काळे-पांढरे पट्टे ओढून आली. पोराने बघितलं. भागीने ते गावभर सांगितलं. त्यानंतर गावाला दम निघेना. जे पोर वाटेत आहे, ज्याने तिकडचं सगळं पाहिलं आहे, ते आपल्याकडे बघतंय की नाही, हा सगळ्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला. कोणी कपाळावर चौकटी काढल्या, कोणी गालांवर चक्रं. कुंडलिक पाटील प्रथम हसला. मग पोराने त्याच्या गड्याकडे बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं नाही, असं झालं. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या तोंडावर इतके पट्टे होते की त्याच्या बायकोने त्याला दारात ओळखलं नाही. पोराने पाटलाकडे सगळ्यांत जास्त वेळ बघितलं, आणि पाटील आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. त्याने बोकडाचा विषयही काढला नाही. एकटी गुणाबाई तशीच कोऱ्या तोंडाने फिरत होती. "मला बगून काय करायचं हाय त्याला," ती म्हणायची. "मी वाटंवरची मानूस, आनून सोडनारी."

पौष सरून माघ अर्धा होत आला होता. मुरबाडहून देवीची लस टोचणारा कारकून सायकल ढकलत बेलखोरात आला. पहिला माणूस दिसला तो अर्धा काळा, अर्धा पांढरा. "शिमगा लवकर आला वाटतं," कारकून म्हणाला. पुढे विहिरीवर पाच-सहा बायका होत्या, सगळ्यांची तोंडं पट्ट्यापट्ट्यांची, आणि त्या हसत नव्हत्या, पाणी भरत होत्या. त्यांच्यापैकी एकीने त्याला अगदी साध्या आवाजात विचारलं, "पोराला बघाया आलात का? मंग असं नाय चालनार. चुना घ्या." कारकुनाने सायकल फिरवली.

ते वर्ष साधं नव्हतं. सरकारविरुद्ध रानात लपून बसलेल्या लोकांच्या शोधात डोंगरात पोलिसांची ये-जा सुरू होती. एक अख्खं गाव तोंडं रंगवून फिरतंय ही खबर गेली, आणि दोनच दिवसांत एक घाटावरचा हवालदार बंदूकवाले शिपाई घेऊन बेलखोरात उतरला. सगळ्या गावाला त्याने कमळूच्या अंगणात रांगेत उभं केलं. काळी-पांढरी तोंडं उन्हात चमकत होती.

"वळखू येऊ नये म्हणून रंगवल्यात तोंडं?" हवालदाराने विचारलं.

"नाय," कमळू म्हणाला. "दिसावं म्हनून."

"कोणाला?"

"पोराला."

"कोणाचं पोर?"

"माजं. पन अजून यायचं हाय."

हवालदाराने मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे जे पोर अजून झालं नाय, त्याला दिसावं म्हणून गावानं तोंडं रंगवली."

"व्हय," गाव म्हणालं. सगळ्यांना बरं वाटलं. पहिल्याच झटक्यात एवढं नीट समजून घेणारा माणूस त्यांना अजून भेटला नव्हता.

हवालदाराने पाटलाला बाजूला घेतलं. पाटलाने तेच सांगितलं. गुणाबाईला विचारलं. तिने वर बापाचा आणि बोकडाचा खुलासाही केला. हवालदाराचा आवाज चढायला लागला. आत कोणीतरी लपवलंय आणि त्याचं नाव पोर ठेवलंय, असं म्हणून त्याने दाराचं गोणपाट ओढलं आणि तो आत शिरला. हौसा पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर मोठं झालं होतं. गालांवर मांस आलं होतं. हवालदार वाकला, बंदोबस्ताच्या नजरेने त्याने पोराच्या तोंडाजवळ तोंड नेलं. उन्हाने भाजलेलं, घामेजलेलं, ज्यावर एकही पट्टा नाही असं साधं माणसाचं तोंड.

पोराने त्याच्या केसांच्या कडेला बघितलं. मग डोळे खाली उतरले, हवालदाराच्या डोळ्यांवर येऊन थांबले, आणि पोर हसलं. तोंडभर, बिनदाताचं, जिवणी एका बाजूला जास्त ओढून.

हवालदार तसाच वाकलेला राहिला. त्याच्याही नकळत त्याची मिशी वर गेली. पोर पुन्हा हसलं.

गुणाबाई दारातून हे बघत होती. ती आत आली, पोराच्या टाळूवर हात ठेवला, त्याच्या पायाला एक चिमटा काढला. पोर रडलं. ती बाहेर येऊन अंगणात म्हणाली, "पोचलं. पोर झालं. आता बोला."

रंगवलेल्या रांगेतून लोक पुढे आले आणि कमळूला मुलगा झाल्याबद्दल नारळ, सुपारी जे हाती लागलं ते देऊ लागले. शिपायांनाही गूळ मिळाला. हवालदार बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ होता. त्याने एवढंच फर्मावलं की सगळ्यांनी ताबडतोब ओढ्यावर जाऊन तोंडं धुवावीत, आणि धुतलेलं तोंड त्याला दाखवल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये. जाताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

पाटलाने ओढ्यावरच विषय काढला. "पोर झालं म्हंजे आता..." सकुबाईने त्याचं वाक्य तोडलं. पोर वाटेचं सगळं विसरलंय, ते दिसतंच आहे, पण आपण काही विसरलो नाही. बोकड कापायचा असेल तर आधी तिला कापावं लागेल. पाटलाला कोंबडा मिळाला आणि तो त्याने तक्रार न करता खाल्ला. बोकड पुढेही कमळूला ढुश्या मारत राहिला. तो बा होता की नुसता बोकड, ह्याचा कमळूने मग विचार सोडून दिला.

त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. धुतलेलं, ओलं तोंड घेऊन तो घरी आला, पोरासमोर वीतभरावर बसला आणि थांबला. हवालदाराकडे बघून हसणारं पोर आपल्याकडे बघून किती हसेल, असं त्याला वाटलं होतं. पोराने त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळ बघितलं, डोळे बघितले, नाकावरून खाली काहीतरी शोधलं, ते सापडेना. मग त्याने ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

"त्याचा बाप अर्धा काळा, अर्धा पांढरा हाय," हौसा म्हणाली. "ह्यो कोन परका, असं वाटतंय त्याला."

कमळूने चुन्याची डबी घेतली, पुन्हा तोंड रंगवलं. पोर गप्प झालं आणि त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसलं. कमळू तसाच बसून राहिला. हसू आलं होतं ते त्या चुन्या-काजळीकडे बघून, की खालच्या माणसाकडे बघून, हे त्याला सांगता येईना.

हौसानेच तोड काढली. रोज थोडं धुवायचं. पहिल्या दिवशी कमळूने कानशिलं धुतली. पोराने चालवून घेतलं. मग हनुवटी. मग एक गाल. त्या दिवशी पोराने बराच वेळ विचार केला आणि शेवटी हसायचं ठरवलं. हवालदार एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आला, आणि तोंडावर तुकड्या-तुकड्याने चुना राहिलेला कमळू त्याला दिसला. कमळूने सांगितलं, "धुतोय. पन त्याच्या बेतानं." हवालदार म्हणाला, "सावकाश धू," आणि पोराला घेऊन ओटीवर बसला.

बारशाच्या दिवशी नाकावरची रेघ तेवढी उरली होती. पोराचं नाव रघू ठेवलं. बायका पाळण्याभोवती गात होत्या. गाणी संपून त्या जेवायला उठल्या तशी कमळूने ओंजळभर पाणी घेऊन ती शेवटची रेघ पुसली आणि तो पाळण्याशी गेला. रघू जागा होता. त्याने बापाकडे बघितलं, ओळखीचं बघावं तसं, काही न शोधता. हसला नाही, रडला नाही. बघून झालं तशी त्याने मान वळवली आणि बापाच्या खांद्यावरून पलीकडे, घराच्या लांबच्या भिंतीकडे बघायला लागला. एवढ्या लांब त्याने ह्याआधी कधी बघितलं नव्हतं.

कमळूने मागे वळून भिंतीकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. चुलीचा धूर वर जात होता आणि कौलांच्या फटीतून आलेलं ऊन त्यात हलत होतं. तो पाळण्याला टेकून खाली बसला आणि दोघं तिकडे बघत राहिले.